झाडावरची आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील एका जुन्या आमराईतील झाडांवरची बांडगुळे श्रमदानाने काढल्याची बातमी काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकात छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. त्यामागची भावना निर्मळ आहे आणि उन्हातान्हात झाडावर चढून राबणाऱ्या तरुणांविषयी मला आदरच आहे. परंतु छायाचित्रात झाडाखाली जो ढीग दिसतो, त्यात बांडगुळांच्या फांद्यांबरोबरच पट्ट्याच्या आकाराची जाड पाने आणि पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी मुळे असलेली पुष्कळ झाडे पडलेली स्पष्ट दिसतात. ती बांडगुळे नव्हेत. ती ऑर्किडची, म्हणजे आपल्याकडे जिला आमरी म्हणतात त्या वनस्पतीची झाडे आहेत आणि त्यांतील बरीचशी ‘सीतेची वेणी’ या जातीची असावीत असे पानांच्या ठेवणीवरून वाटते. आणखी थोड्या दिवसांनी, मे-जूनच्या सुमारास, त्यांतून गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचे वीतभर लांबीचे लोंबते घोस आले असते. ही चूक एका गावाची नाही. सातारा, जावळी, पाटण, वाई या सर्व तालुक्यांत झाडावर उगवलेल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला सरसकट बांडगूळ म्हणण्याची आणि ती खरवडून काढण्याची सवय आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेला एक शिक्षक या नात्याने त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

बांडगूळ ही खरोखरच परजीवी वनस्पती आहे. फुलटोचा नावाचा छोटासा पक्षी तिची चिकट फळे खातो, बी फांदीला चिकटते, रुजते आणि त्यातून निघालेले शोषकमूळ साल भेदून थेट लाकडात शिरते. झाडाने जमिनीतून ओढून आणलेले पाणी आणि क्षार बांडगूळ मधल्यामध्ये काढून घेते. त्यामुळे ते जिथे जडते तिथे फांदी गाठ आल्यासारखी फुगते आणि पुढचा शेंडा हळूहळू वाळू लागतो. आंबा बागायतदाराने असे बांडगूळ जोडाच्या खालून फांदीसकट कापून टाकावे, हा सल्ला योग्यच आहे. आमरीची गोष्ट निराळी आहे. तिची मुळे सालीला घट्ट धरून असतात, पण सालीच्या आत शिरत नाहीत आणि झाडाच्या रसाचा एक थेंबही घेत नाहीत. सालीवरून ओघळणारे पावसाचे पाणी, हवेतील दमटपणा, खाचेत साठलेली धूळ, कुजलेला पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा यांवर तिचे पोषण होते. झाडाशी तिचे नाते ओसरीवर टेकलेल्या वाटसरूचे आहे. घरातल्या कोठाराला तिचा हात लागत नाही.

ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी मुळाकडे नीट पाहावे. आमरीच्या मुळावर निर्जीव पेशींचे एक जाड, स्पंजासारखे वेष्टन असते. कोरडे असताना त्या पेशींत हवा असल्यामुळे मूळ चंदेरी पांढरे दिसते आणि टोकाशी मात्र बोटाच्या पेराएवढा भाग हिरवा किंवा तांबूस राहतो. अशा कोरड्या मुळावर पाण्याचे चार थेंब सोडले, तर पाणी क्षणार्धात शोषले जाते, वेष्टन पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग डोळ्यांदेखत वर येतो. पावसाची एखादी सर आली आणि गेली, तेवढ्या वेळात मिळेल तितके पाणी टिपून ठेवायचे, हे या वेष्टनाचे काम. मूळ स्वतः हिरवे असल्यामुळे ते पानाप्रमाणे थोडेफार अन्नही तयार करते. बांडगुळाला असे लोंबते, पांढरे मूळ कधीच नसते, तेव्हा ओळख पटवायला एवढी एक खूण पुरेशी आहे.

अनेकांचा एक प्रामाणिक आक्षेप असतो की, ज्या जुन्या झाडाच्या फांद्या वाळत आहेत त्याच झाडावर आमरी जास्त दिसते, त्याअर्थी झाड तिच्यामुळेच वाळत असले पाहिजे. येथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते. जुन्या झाडाची साल खडबडीत असते, तिच्या भेगांत पाणी आणि कचरा टिकतो आणि पालवी विरळ झाल्यामुळे आत ऊन पोहोचते. म्हणून आमरी तिथे सुखाने वाढते. ऐन, आंबा, जांभूळ, हिरडा यांच्या सालीवर ती भरपूर आढळते आणि जिची साल सोलपटून गळून जाते त्या निलगिरीवर तिला थाराच मिळत नाही, यावरूनही हे लक्षात यावे. मोठ्या जुडग्याच्या ओझ्याने एखादी आधीच मेलेली फांदी मोडू शकते, हे मान्य केले पाहिजे; पण तो दोष फांदीच्या कुजण्याचा आहे.

झाडावर वाढणे हा ऑर्किडच्या जगण्याचा एकच प्रकार नव्हे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार आपल्या देशात ऑर्किडच्या १,२५६ जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी ७५७ झाडांवर वाढणाऱ्या, ४४७ जमिनीत वाढणाऱ्या आणि ४३ हरितद्रव्य नसलेल्या, बुरशीच्या आधाराने जगणाऱ्या आहेत. झाडांवरच्या काही जाती कातळावरही तितक्याच सहज बसतात.

आपल्या जिल्ह्यातील वृक्षवासी आमरी ज्या हवामानात टिकून राहते ते हवामान किती विपरीत आहे याची कल्पना आपल्याला सहसा नसते. महाबळेश्वर, बामणोली, कोयनेच्या परिसरात चार महिने धुवाधार पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. त्यातही ही वनस्पती जमिनीपासून वर, वाऱ्याच्या तोंडी बसलेली. त्यामुळे तिने पाणी साठवण्याच्या आणि वाचवण्याच्या नाना युक्त्या साधल्या आहेत. डेंड्रोबियमसारख्या जातींचे खोडच जाड, मांसल होते आणि त्यात पाणी व अन्न साठते. दिसायला ते कंदासारखे असले तरी प्रत्यक्षात खोडच असल्यामुळे वनस्पतिशास्त्रात त्याला आभासी कंद म्हणतात. सीतेच्या वेणीसारख्या जातींना असा कंद नसतो. त्यांनी पाने जाड, चामड्यासारखी केली. कित्येक जाती तर पानांवरची रंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. निवडुंगाचीही हीच रीत आहे.

डेंड्रोबियम बार्बाटुलम या जातीचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तिच्यामुळे अनेकांची फसगत होते. पावसाळा सरला की तिची पाने गळतात आणि मागे उरतात त्या सुरकुतलेल्या, पिवळट, मेल्यासारख्या दिसणाऱ्या काड्या. साफसफाई करणाऱ्याच्या हाताला त्या सहज उपटून येतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, भोवतालचे रान करपत चाललेले असताना, त्याच निष्पर्ण काड्यांच्या शेंड्यांवर शुभ्र फुलांचे झुबके येतात. पाने नसताना फुलणे हा तिच्या वर्षाचा ठरलेला क्रम आहे. वाळलेली म्हणून जी काढून टाकली जाते, ती बहुतेक वेळा केवळ विसावलेली असते.

जमिनीत वाढणाऱ्या आमरीचे वर्ष नेमके याच्या उलट चालते. तिचा मुक्काम उन्हाळाभर मातीखाली असतो आणि पाऊस पडताच ती वर येते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारावर हबेनारिया या प्रजातीच्या कितीतरी जाती पाहायला मिळतात. मोसमाच्या सुरुवातीलाच जमिनीला चिकटून एखादेच गोलसर पान आणि त्यातून उभ्या देठावर पांढरी फुले धरणारी हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस सर्वांत आधी दिसते. त्यानंतर, श्रावण-भाद्रपदात, दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने फुले लागणारी आणि म्हणून टूथब्रश ऑर्किड या नावाने पर्यटकांच्या ओळखीची झालेली हबेनारिया हेनियाना येते. नर्व्हिलिया तर आधी फूल दाखवते आणि ते कोमेजल्यावरच तिचे एकुलते एक पान वर येते, त्यामुळे फूल आणि पान एकाच झाडाचे आहे हे पुष्कळांना कळत नाही.

हबेनारियाचे झाड हलक्या हाताने उकरले तर मातीत दोन कंद सापडतात. (विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठीही ते उकरू नये, एवढे येथे सांगून ठेवतो.) एक कंद मागच्या वर्षीचा, सुरकुतत चाललेला, या वर्षीचे पान आणि फूल त्याच्यावर पोसलेले असते. दुसरा नवा, टणक, भरत चाललेला. पुढच्या वर्षीचे झाड त्यातून यायचे असते. हा नवा कंद भरण्यासाठी पानाला पावसाळ्याचे जेमतेम तीन-चार महिने मिळतात. छायाचित्रासाठी कोणी ते पान पायाखाली तुडवले, तर यंदाचे फूल जातेच, शिवाय नवा कंद अर्धवट राहतो आणि पुढच्या वर्षीचे झाडही दुबळे होते किंवा येतच नाही. कासवरील मातीचा थर जांभ्या खडकावर काही ठिकाणी बोटभरही नाही, त्यामुळे कंद फार खोल जाऊ शकत नाही. ठरलेली पाऊलवाट सोडू नये असा जो आग्रह पठारावर धरला जातो, त्यामागे हे कारण आहे, आणि आपल्या वृत्तपत्राने दर मोसमात ते वाचकांना सांगावे असे मला मनापासून वाटते.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्मीळ आणि कमी परिचयाचा. पश्चिम घाटातल्या दाट जंगलात एपिपोगियमसारख्या जाती अचानक पालापाचोळ्यातून वर येतात. त्यांना हिरवे पान नसते, फुलतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. त्यांचे सारे अन्न जमिनीतील बुरशीकडून येते.

खरे पाहता बुरशीवाचून कोणत्याच ऑर्किडचे रानात चालत नाही आणि रानातली आमरी उपटू नये याचे मुख्य कारणही येथेच आहे. ऑर्किडच्या एका बोंडात हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की बोंड तडकले की धुळीसारख्या वाऱ्यावर उडतात. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी जशी अन्नाची शिदोरी भरलेली असते, तशी ती या बियांत नसते. योग्य जातीची बुरशी बीपर्यंत पोहोचून तिने अन्न पुरवले, तरच बी रुजते. ही गोष्ट १८९९ साली फ्रान्समधील नोएल बर्नार या तरुण शास्त्रज्ञाने उलगडली, आणि तीही वर सांगितलेल्या हरितद्रव्य नसलेल्या प्रकारातील एका ऑर्किडचा अभ्यास करताना. त्यानंतर १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर), बुरशी नसताना, काचेच्या बाटलीत बी रुजवून दाखवले. १९६० मध्ये फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडच्या कोंबाच्या टोकातील ऊतीपासून रोपे वाढवण्याची रीत, म्हणजे ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर), मांडली आणि आज बाजारात दिसणारी बहुतेक ऑर्किड त्या दोन वाटांनीच आलेली आहेत. प्रयोगशाळेत हे सोपे झाले असले तरी रानात नाही. तिथे लाखो बियांतून एखादीच योग्य फांदीवर, योग्य बुरशीजवळ पडते आणि रुजल्यावरही पहिले फूल यायला कित्येक वर्षे जातात. आंब्याच्या फांदीवरचे हातभर पसरलेले जुडगे म्हणूनच दशकांची कमाई असते. पाच मिनिटांत खरवडून काढलेल्या त्या जुडग्याची भरपाई आपल्या डोळ्यांसमोर होत नाही.

फुलांच्या रचनेविषयी लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही, म्हणून एवढेच सांगतो की, इतर फुलांत सुटे असणारे पुंकेसर आणि स्त्रीकेसर ऑर्किडमध्ये एकाच स्तंभात जुळलेले असतात आणि पराग भुकटीऐवजी गोळ्यांच्या रूपात कीटकाच्या अंगाला चिकटून जातात. ठरावीक कीटक नसेल तर फळ धरत नाही. आइस्क्रीममधला व्हॅनिला हीसुद्धा एका वेलीसारख्या ऑर्किडची शेंग आहे. मेक्सिकोबाहेर तिला फळ धरत नव्हते, ते १८४१ मध्ये रियुनियन बेटावरील एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने हाताने परागीकरण करून धरवले आणि आजही व्हॅनिलाच्या बागांत बहुतेक ठिकाणी त्याच पद्धतीने काम होते.

आता ज्यांना घरी आमरी हवी आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्याच्या तोंडावर घाटरस्त्याच्या कडेला रानातून उपटलेली झाडे विकायला ठेवलेली दिसतात. ती घेऊ नयेत. उपटताना त्यांची मुळे तुटलेली असतात आणि मोडके मूळ नव्या जागी सहसा पुन्हा चिकटत नाही; नवी मुळे फुटेपर्यंत झाड साठवणीवर जगते आणि बहुधा पुढच्या उन्हाळ्यात मरते. शिवाय राखीव वनातून आणि अभयारण्यातून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पतींच्या यादीत निळी वांडा, तांबडी वांडा आणि लेडीज स्लिपर ही ऑर्किड आहेतच, आणि जगातील सर्व ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराच्या नियंत्रणाखाली येतो.

नर्सरीत ऊतिसंवर्धनाने वाढवलेली रोपे मिळतात. ती घेताना झाड कसे वाढते हे आधी पाहावे, कारण निगा त्यावर ठरते. फॅलेनॉप्सिस आणि वांडा ही एकाच शेंड्याने वर वाढत जातात. त्यांचा शेंडा कुजला तर झाड बहुधा गेलेच, म्हणून फॅलेनॉप्सिसच्या मध्यावर रात्री पाणी साचू देऊ नये. डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, कॅटलिया ही आडवी सरकत दरवर्षी नवा फुटवा काढतात. त्यांच्या जुन्या, पाने गळलेल्या काड्या लगेच कापू नयेत, कारण नव्या फुटव्याला त्यांतलेच अन्न मिळते, आणि जुडगे वाटून लावायचे असल्यास प्रत्येक वाट्याला तीन-चार काड्या तरी राहाव्यात.

सांगली, मिरज, कराड या उष्ण भागात डेंड्रोबियमचे संकर शेडनेटखाली सर्वांत समाधानकारक येतात. सातारा शहरात पूर्वेच्या खिडकीत, थेट ऊन न लागता, फॅलेनॉप्सिस उत्तम राहते आणि त्याचे फूल दोन-तीन महिने टिकते. वांडा सुंदर खरी, पण ती मुळे मोकळी सोडून टांगावी लागते आणि मार्च ते मे या कोरड्या दिवसांत तिला रोज पाणी द्यावे लागते. हा व्याप झेपणार नसेल तर तिच्या नादी लागू नये. सिक्कीम-दार्जिलिंगकडून येणारे सिंबिडियम थंड रात्रीवाचून फुलत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला प्रयत्न करावा, सांगलीत ते बहुधा नुसती पाने देईल. माती कोणालाही घालू नये. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भोके असलेल्या कुंडीत भरावेत. मूळ पांढरे झाले की पाणी, हिरवे असताना नाही, एवढे धोरण पाळले तर झाडे कुजण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतील. खत द्यायचे ते फार सौम्य आणि पाण्यात विरघळवून.

रस्तारुंदीकरणात किंवा बांधकामासाठी जुने वड, आंबे, जांभळे पाडली जातात तेव्हा त्यांच्यावरची आमरी लाकडाबरोबर भट्टीत जाते. झाड पाडण्याची परवानगी देतानाच, आधी त्यावरील आमरी उतरवून घेण्याची अट घालता येईल. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. सालीच्या तुकड्यासकट जुडगे उतरवावे, जूनचे पहिले पाऊस पडल्यावर शेजारच्याच खडबडीत सालीच्या झाडावर, पूर्वी जितके ऊन मिळत होते तितकेच मिळेल अशा बाजूला, काथ्याच्या दोरीने हलके बांधावे. नायलॉन किंवा तार वापरू नये. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजतो आणि तोवर नव्या मुळांनी साल धरलेली असते. हे काम ग्रामपंचायतींनी आणि शाळांच्या हरितसेनांनी मनावर घेतले तर सहज होण्यासारखे आहे.

आपणांस विनंती अशी की, येत्या मे महिन्यात, श्रमदानाचे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी, बांडगूळ आणि आमरी यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत. एका चित्रात फांदीचा फुगलेला जोड आणि दुसऱ्यात सालीवरून उतरणारी पांढरी मुळे ठळक दिसतील असे पाहावे. दोन्हींची छायाचित्रे माझ्या संग्रही आहेत, ती मी आनंदाने पाठवीन.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सातारा